बत्तीस अक्षरं

घणसोली, पालिकेची शाळा, दुसरा मजला.
चाळीस संगणक एका रविवारात उभे करायचे होते,
म्हणून मी एकच नीट सजवला:
मराठी कीबोर्ड, चित्रं काढायची पाटी, पाढ्यांचे खेळ.
मग त्याची हुबेहूब प्रत
उरलेल्या एकोणचाळीस पोटांत उतरवली.
सगळे एकदम जागे झाले.
तांडेल सर दारातूनच म्हणाले,
वा, एका साच्यातले गणपती!

गोंधळ त्यानंतर.
खिडकीजवळचा पत्ता मागे, त्याला मिळे.
दाराजवळचा उठे, त्यालाही तोच मिळे,
आणि खिडकीजवळच्याची तार सुटे.
राउटरची चूक नव्हती.
त्याच्या लेखी वर्गात एकच पोर होतं
आणि ते चाळीस बाकांवर पळत होतं.

चूक माझी.
प्रत काढताना ओळखीचीही प्रत निघाली होती.
आत कुठेतरी एक चिमुकली फाईल असते,
एका ओळीची, बत्तीस अक्षरांची,
वाचली तर अर्थ नाही, लावली तर चाल नाही.
बाहेरून मी स्टिकर लावले होते, घ-१ ते घ-४०,
सरळ, एका रेषेत, पट्टी धरून.
कपाळावर वेगळं
आणि पोटात सगळ्यांच्या एकच.

हे मला कळायला हवं होतं.
आमच्या गोठिवलीत माझ्या नावाच्या तिघी आहेत,
तिघीही मढवी.
म्हणून एक पार्लरवाली चेतना, एक टाकीमागची,
आणि मी कंप्युटरवाली.
घराला आधी सर्व्हे नंबर होता,
मग साडेबारा टक्क्यांतला प्लॉट,
आता सेक्टर, लेन, विंग.
कुरिअरवाला तरी फोन करून विचारतोच,
मॅडम, नक्की कुठलं?

आधी वाटलं, बसून चाळीस नावं हाताने लिहावीत.
पाच लिहिली.
पाचव्यात तिसऱ्याचीच अक्षरं आली.
माणूस आपल्या मनाने काही निवडायला गेला
की फिरून फिरून तिथेच येतो.

उपाय सोपा निघाला, जरा लाजवणारा:
लिहू नकोस. पूस.
फाईल उडवायची नाही, जागा ठेवायची,
फक्त आतलं रिकामं करायचं.
पुढच्या वेळी वीज आली
की रिकामी ओळ पाहून
तो स्वतःच घडवतो आपलं नाव,
कुठली कळ कधी दाबली गेली,
डिस्क किती अडखळली,
असल्या क्षणांच्या चुऱ्यातून.

पेनड्राइव्ह घेऊन बाकामागून बाक फिरले.
सतराव्याचं घड्याळ मागे पडलं होतं,
तो अजून एकोणीसशे सत्तर सालात होता.
त्याचं घड्याळ लावलं, मग पुसलं.
पहिल्यापाशी मात्र थांबले.
त्याचं नाव तर त्याचंच होतं,
उसनं इतरांनी घेतलं होतं.
त्याचं तसंच ठेवलं.

मधे घरून फोन.
चेतने, पालना थांबलाय, कवा येशील गो?
भावाच्या मुलीचं बारसं, आणि आत्या मी.
म्हटलं, नऊ राहिलेत.
पलीकडे कुणालाच कळलं नाही, नऊ काय.

संध्याकाळी चाळीस पत्ते, चाळीस नोंदी,
एकही दुसऱ्यासारखी नाही.
सरांना यादी दाखवली.
ते बराच वेळ बघत राहिले,
मग म्हणाले, यातलं एक तरी लक्षात राहील का?
नाही राहणार, सर.
ते एकमेकांना ओळखतील. तेवढं पुरे.

पोचले तेव्हा घुगऱ्या संपल्या होत्या,
बाळ झोपलं होतं.
मी वाकले, कानाशी कुर्र केलं,
चिठ्ठीतलं नाव सांगितलं.
त्रिशा.
पाठीत बुक्के बसले, पेढा तोंडात आला,
आणि मागून कुणीतरी म्हणालं,
आळीत दोन त्रिशा आधीच आहेत.

असू देत.
बघू, हिला पुढे काय म्हणतात.